ऑपेरा आला, पण कोणत्या रस्त्यानं?

माझा पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. मुंबई-पुण्याकडचा म्हणतो, "म्हणजे मराठी संगीत नाटक ऑपेरावरून आलं, हो ना?" आमच्या आजऱ्यातला म्हणतो, "ऑपेरा म्हणजे ते चर्नी रोडजवळचं ऑपेरा हाऊस?"

मला दुसरा प्रश्न जास्त आवडतो. पहिल्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. दुसऱ्यात मात्र एक खरी गोष्ट आपसूक सांगितली गेली आहे: आपल्याकडे ऑपेरा आधी पोचला तो पाटीवर आणि जाहिरातीत. संगीत म्हणून तो आला का, आणि आला तर किती, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. या लेखात त्याच्याबद्दल.

सुरुवात लंडनपासून करते, कारण "इटालियन ऑपेराचा प्रभाव" असं म्हणताना आपण गृहीत धरतो की तिथे तरी तो शुद्ध, अस्सल रूपात होता. तसं नव्हतं. १८४७ साली कॉव्हेंट गार्डन थिएटरचं नाव झालं 'रॉयल इटालियन ऑपेरा'. यातलं 'इटालियन' अगदी शब्दशः घ्या. मूळ फ्रेंच ऑपेरा असो की जर्मन, तिथे तो इटालियनमध्ये गायला जायचा. १८७५ मध्ये वाग्नरचा 'लोहेनग्रिन' तिथे आला तो इटालियन भाषेत. जर्मन माणसानं जर्मनमध्ये लिहिलेलं इंग्रज प्रेक्षकांना इटालियनमध्ये ऐकवायचं! थिएटरच्या नावातला हा शब्द १८९२ मध्ये गळाला.

प्रेक्षकांना ही भाषा यायची का? बहुतेकांना नाही. हातात भाषांतराची पुस्तिका असायची, ती चाळत ऐकायचं. पण न कळण्याचा एक फायदाही होता. 'ला त्राव्हियाता' ही एका गणिकेची गोष्ट. ती ज्या फ्रेंच नाटकावरून घेतली त्याला लंडनमध्ये प्रयोगाची परवानगी मिळत नव्हती. तीच गोष्ट १८५६ मध्ये इटालियनमध्ये, गाण्यातून आली तेव्हा परवानगी मिळाली. वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, प्रवचनं झाली, आणि तिकिटं भराभर खपली. नाटकांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की संगीत असलं की गोष्ट दुय्यम होते. (माझ्या मते हा माणूस कधी तमाशाच्या फडात बसला नसावा.)

आणि ज्यांना ते महागडं तिकीट परवडत नव्हतं त्यांचं काय? त्यांना ऑपेरा भेटायचा विडंबनांतून आणि रस्त्यावर. 'मिकाडो'वाल्या गिल्बर्टनं उमेदीच्या काळात डोनिझेत्तीच्या 'लेलिझिर दामोरे'चं आणि बेल्लिनीच्या 'नोर्मा'चं यथेच्छ विडंबन केलं. दांडा फिरवून वाजवायचे पेटीवजा बाजे घेऊन फिरणारे वादक गल्लोगल्ली व्हेर्दीच्या चाली वाजवायचे. त्यांचा इतका उपद्रव झाला, की गणिती चार्ल्स बॅबेज हात धुऊन त्यांच्या मागे लागला आणि १८६४ मध्ये लंडनमधल्या रस्त्यावरच्या संगीताविरुद्ध कायदा झाला. तात्पर्य काय, तर खुद्द लंडनमध्येही सामान्य माणसाला ऑपेरा तुकड्यातुकड्यांनी, कुणीतरी आपल्या सोयीनं बदललेला असा ऐकू यायचा. व्हिक्टोरियन रंगभूमीचे अभ्यासक हल्ली नेमका याच गोष्टीचा अभ्यास करतात: मूळ कृतीपेक्षा तिचं पुढे लोकांनी काय केलं.

आता मुंबईला या.

ग्रँट रोड थिएटर १८४६ मध्ये उघडलं, जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर. साहेबलोकांना ते गावाबाहेर पडायचं, त्यामुळे हळूहळू ते देशी मंडळींच्या हातात आलं. विष्णुदास भावे सांगलीहून आपली मंडळी घेऊन आले आणि १८५३ मध्ये तिथे त्यांचे खेळ झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही नाटकं सुरू केली. पुढे युरोपातून फिरत्या मंडळ्या येऊ लागल्या. ऑगुस्तो काल्यी नावाचा इटालियन कंपनीमालक कलकत्त्याला ऑपेरा घेऊन यायचा, आणि त्याचीच मंडळी १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर ही ये-जा आणखी सोपी झाली. मुंबईला अशा मंडळ्या आल्या की सुशिक्षित पारशी तरुण बघायला जात.

त्यांनी तिथून काय उचललं? चौकटीचा रंगमंच, रंगवलेले पडदे, यांत्रिक करामती, मंचापुढे बसणारे वादक. आणि एक शब्द. १८७०च्या दशकात दादी पटेल यांनी 'बेनझीर बद्रेमुनीर' हे नाटक जवळजवळ सगळं गाण्यात बसवलं आणि 'ओपेरा' ही जाहिरातीत मिरवायची गोष्ट झाली. मग या ओपेरात गायचं काय? तर गझल, ठुमरी, होरी. म्हणजे शब्द इटलीचा आणि गाणं लखनौचं. हे काही अज्ञानातून झालेलं नाही. व्हिक्टोरिया नाटक मंडळी उभी करणाऱ्यांपैकी एक, 'रास्त गोफ्तार'चे संपादक कैखुशरू काबराजी, यांनीच १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी काढली, आणि तिचा हेतू पारशी समाजात हिंदुस्थानी संगीत रुजवणं हा होता. या मंडळींना दोन्ही गाणी ऐकून माहीत होती आणि त्यांनी विचार करून निवड केली.

या निवडीतली एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. पारशी मंडळी घरी गुजराती बोलायची, शिकायची इंग्रजीत, मग गाण्याची नाटकं उर्दूत का? कारण गाण्याला उर्दूच शोभते असं त्यांना वाटायचं. आता लंडन आठवा. तिथेही गाण्याला इटालियनच शोभते, असंच तर म्हणायचे. म्हणजे व्हिक्टोरियन लंडनमध्ये जे स्थान इटालियन भाषेचं, तेच मुंबईच्या रंगभूमीवर उर्दूचं झालं: सगळ्यांना नीट कळत नाही, पण गाण्याची म्हणून मानलेली भाषा. प्रभाव शोधायचाच असेल तर तो चालींत शोधण्यापेक्षा इथे शोधावा. गाणं ऐकायला जाताना भाषा परकी असली तरी चालते, किंबहुना असावीच, ही सवय इटालियन ऑपेरानं लंडनला लावली होती. मुंबईच्या प्रेक्षकाला ती उर्दूनं लावली.

या सगळ्यात सर्वांत गाजलेलं उर्दू नाटक म्हणजे लखनौच्या अमानतचं 'इंदरसभा'. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. पऱ्या, सब्जपरी, तिचा गुलफाम, राजा इंद्राचा दरबार आणि एकामागून एक गाणी. १९२० च्या दशकात छापलेल्या 'नाटक सागर' या उर्दू ग्रंथात एक कहाणी आली, की वाजिद अली शाहच्या दरबारातल्या एका फ्रेंच माणसानं नवाबाला ऑपेराबद्दल सांगितलं आणि त्यावरून नवाबानं 'इंदरसभा' लिहवून घेतलं. कहाणी झकास आहे, म्हणून ती पसरली. नंतर मसूद हसन रिझवी यांनी कागदपत्रं तपासून ती पार मोडीत काढली. अमानत दरबारी कवी नव्हता. नाटक दरबाराबाहेर, मित्रांच्या आग्रहानं लिहिलं गेलं आणि लखनौच्या लोकांमध्ये खेळलं गेलं. फ्रेंच माणसाची गरजच नव्हती. तरी आजही ही कहाणी अधूनमधून छापली जाते.

ती टिकते का, हे आपल्या मराठीच्या बाबतीत जास्त चांगलं दिसतं.

१८८० साल. अण्णासाहेब किर्लोस्कर महसूल कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, मुक्काम पुणे. एक पारशी मंडळी पुण्यात 'इंदरसभा' करत होती, ते त्यांनी पाहिलं आणि असं मराठीत का होऊ नये, अशी ईर्ष्या त्यांच्या मनात उभी राहिली, असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे: १८८२ मध्ये 'सौभद्र', भाऊराव कोल्हटकर, आणि अर्धशतकभर महाराष्ट्राला लागलेलं संगीत नाटकाचं वेड.

या गोष्टीत इटालियन माणूस कुठे आहे? सांगणाऱ्यांच्या तोंडी नाव पारशी मंडळीचं येतं आणि नाटकाचं नाव येतं ते उर्दू. तरी पुढच्या काळातल्या लेखनात दोन धागे जाड होत गेलेले दिसतात. एक म्हणतो, हे संस्कृत नाट्यपरंपरेचं पुनरुज्जीवन, थेट कालिदासाकडे नातं. दुसरा म्हणतो, हा मराठी ऑपेरा. दोन्ही पूर्वज खानदानी. मधला मात्र, म्हणजे तो झगमगीत, बाजारू म्हणून हिणवला गेलेला, उर्दूतून गाणारा पारशी खेळ, आपल्या वंशावळीत एका आख्यायिकेपुरता उरला. ऑपेराचं नाव घेतलं की त्याची अडचण होत नाही. माझं संशोधन या अडचणीबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण आपण पुराव्याकडे येऊ. पुरावा बघायला लंडनला जायची गरज नाही, एखाद्या गावच्या वाचनालयातलं जुनं संगीत नाटकाचं पुस्तक पुरतं. प्रत्येक पदावर बारीक अक्षरात एक ओळ असते: 'चाल', आणि पुढे एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. वाचताना आपण ती सोडून देतो. मी मात्र गेली काही वर्षं जवळजवळ फक्त याच ओळी वाचते आहे. नोटेशन प्रचारात नव्हतं तेव्हा नटाला पद कसं म्हणायचं हे कळवायचा हाच मार्ग: तुला जे गाणं आधीच येतं, त्या चालीवर म्हण. त्यामुळे ही ओळ म्हणजे त्या काळच्या लोकांच्या कानात काय होतं याची नोंदवहीच.

किर्लोस्करांच्या नाटकांतल्या या ओळी वाचा. कानडी पदं येतात, लावण्या येतात, कीर्तनातल्या चाली येतात, बायकांच्या गाण्यांचे वळसे येतात. इटलीचं काही येत नाही. कानडी चालींचं आश्चर्य वाटायला नको. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं बरंच आयुष्य बेळगाव-धारवाड भागाच्या त्या हवेत गेलं. पुण्याच्या वाचकाला हा 'कर्नाटकी प्रभाव' वाटतो, म्हणजे बाहेरून आलेला. आमच्या आजऱ्याकडून बघितलं तर त्यात बाहेरचं काही नाही. गडहिंग्लज ओलांडून थोडं पुढे गेलं की बाजारात कानडी कानावर पडायला लागतं. दुसरीकडे आंबोलीचा घाट उतरला की दशावतार सुरू. संस्थानी काळात आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत होतं, पण गाण्याला जहागिरीच्या हद्दी कधीच कळल्या नाहीत. विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं 'सीता स्वयंवर' तरी कशावरून सुचलं? उत्तर कानड्यातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, त्यावरून.

मग किर्लोस्करांनी नवीन काय केलं? भाव्यांच्या खेळात सगळं गाणं सूत्रधाराकडे. तो पद म्हणणार, पात्रं हावभाव करणार आणि मग आपल्या मनानं बोलणार. किर्लोस्करांनी गाणं पात्राच्या तोंडात दिलं. दुष्यंत स्वतः गातो, शकुंतला स्वतः गाते. खरं तर मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्ये 'नलदमयंती'त हे करून पाहिलं होतं. त्यांना श्रेय कमी मिळालं, याला त्यांच्या नाटकाचा कस जेवढा कारण तेवढंच किर्लोस्करांच्या गायक नटांचं बळही कारण असावं, असं माझं मत. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे दोघं मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

इथे ऑपेरावाले लगेच म्हणतात: बघा, पात्र स्वतः गातं म्हणजे ऑपेराच की! थांबा जरा. इटालियन ऑपेरात दोन प्रकारचं गाणं असतं. एक आर्या, म्हणजे ठाशीव, पूर्ण, भावनेत डुंबणारं गाणं. दुसरं रेचितातिव्हो, म्हणजे गोष्ट पुढे नेणारं, बोलण्याच्या लयीत म्हटलेलं. 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं. त्यातली कितीतरी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा छोट्या रचना. त्या गात बसायच्या नाहीत, म्हणून पुढे जायचं. निरोप सांगायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर द्यायचं. काम बघितलं तर हे थेट रेचितातिव्होचं काम आहे! मीही पहिल्यांदा हे लक्षात आल्यावर खूश झाले होते. पण ही युक्ती कुठून आली ते शोधायला लांब जावं लागत नाही. कोणत्याही कीर्तनकाराचा उत्तररंग ऐका. आख्यान सांगताना तो गद्यातून साकीत, साकीतून दिंडीत, दिंडीतून परत गद्यात असा सहज जा-ये करतो. गोष्ट गाऊन पुढे न्यायची सोय आपल्याकडे तयार होती आणि प्रेक्षकांचे कान तिला सरावलेले होते. दोन वेगळ्या ठिकाणी एकच अडचण आली की उत्तरं सारखी दिसू शकतात. सारखी दिसतात म्हणून नातं लागत नाही.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण म्हणजे 'आर्या' हाच शब्द. आमच्याकडची आर्या मोरोपंतांची. संस्कृतातून आलेलं मात्रावृत्त. मोरोपंत १७९४ मध्ये वारले. इटालियन आर्या म्हणजे हवा, आणि त्यावरून सूर. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. किर्लोस्करांच्या संगीत नाटकाचा आणि मिलानच्या ऑपेराचा संबंध जोडणारे बरेच पुरावे मला याच जातीचे वाटतात: नाव सारखं, घराणं वेगळं.

याचा अर्थ युरोपचं काहीच आलं नाही असा नाही. तसं म्हणणं म्हणजे दुसऱ्या टोकाला जाऊन तेच करणं. पडदा आला, तिकीट आलं, ठरल्या वेळेला सुरू होणारा खेळ आला. पुढे हार्मोनियम आलं आणि त्यानं गाण्याचा पोतच बदलला. बेळगाव हे लष्करी ठाणं. छावणीतल्या बँडनं मोकळ्या मैदानात ऑपेरातले तुकडे वाजवणं ही साम्राज्यभरची रीत, त्यामुळे त्या सुरावटी रस्त्यावरच्या माणसाच्याही कानावर पडत होत्या. पण कानावर पडणं वेगळं आणि चालीच्या ओळीत नोंदलं जाणं वेगळं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या 'वीरतनय'पासून नवीन चाली आणल्या, पण त्याही कुठून? पारशी-उर्दू रंगभूमीवरून. पुन्हा तोच मधला दुवा.

इथे लंडनकडे एकदा परत बघावंसं वाटतं. १८७८ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं 'पिनाफोर' आलं, १८८० मध्ये 'पायरेट्स'. इटालियनचा दबदबा बाजूला ठेवून लोकांच्या रोजच्या इंग्रजीत गाणारं, हसणारं नाटक तिथे तुफान चाललं. त्याच १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांनी उर्दूतून गाणाऱ्या खेळाला मराठीत उत्तर दिलं. या दोन घटनांचा आपसात संबंध नाही, आणि कुणी तो जोडला तर मीच पहिली भांडेन. पण दोन्हीकडे प्रेक्षकाची भूक एकच दिसते. आपल्याला कळणाऱ्या भाषेत गाणं हवं. मला 'ऑपेराचा प्रभाव' या शब्दांपेक्षा हे शेजारी ठेवून बघणं जास्त उपयोगाचं वाटतं.

गंमत म्हणजे ज्यांना खरोखर ऑपेरासारखं काही करायचं होतं त्यांनी त्याला वेगळं नाव दिलं. आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, 'मानापमान'च्या १९११ च्या चाली ज्यांच्या, त्यांनी पुढे 'महाश्वेता' आणि 'जयदेव' रचली. त्यांना संगीतिका म्हणतात. जन्मभर संगीत नाटकात वावरलेल्या माणसाला दोहोंतला फरक स्पष्ट दिसत होता.

आणि चर्नी रोडजवळचं ऑपेरा हाऊस? त्याचं उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, बांधकाम त्यानंतर पुरं झालं. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी करका या दोघांनी ते उभं केलं. ऑपेराचं नाव लावलेल्या या घरात पुढे नाटकं झाली, मग सिनेमे लागले, १९९३ मध्ये ते बंद पडलं. २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत वाढलेल्या, मूळ गोव्याच्या, आणि खरोखरच ऑपेरा गाणाऱ्या. पाटी लागल्यावर १०५ वर्षांनी!

आता तुमच्याकडे एक काम आहे. छापील पुस्तकातली चालीची ओळ हा एक पुरावा. दुसरा, त्याहून मोलाचा, म्हणजे नटांच्या आणि हौशी मंडळींच्या वापरातल्या प्रती. त्यात छापील चाल खोडून पेनानं दुसरीच लिहिलेली असते: जत्रेतल्या प्रयोगात कुणी 'सौभद्र'चं पद भजनाच्या चालीवर म्हटलं, कुणी सिनेमाच्या. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या पट्ट्यात गावोगावी अशी मंडळं होती. त्यांची पुस्तकं कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असणार. दिवाळीच्या साफसफाईत हाती लागली तर रद्दीत घालू नका. पुस्तक मला द्यायचीही गरज नाही. पेनानं लिहिलेल्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवलेत तरी पुरे. शाई पुसट असेल तर पान खिडकीजवळ तिरपं धरून काढा, अक्षर उठून दिसतं.